उस्तादाचा हात आणि कॉलेजचा कागद

काही दिवसांपूर्वी आम्ही कुर्ल्यातील एका लेथ कारखान्यात बसलो होतो. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि पाच माणसे. मालक साठीचे. चाळीस वर्षे याच कामात. त्यांच्या हाताखाली सोळाव्या वर्षी आलेला एक मुलगा आता पंचवीस वर्षांचा झाला आहे. नऊ वर्षे तो लेथवर उभा आहे. नकाशा वाचतो, टूल स्वतः घासतो, थ्रेड काढतो आणि काम बिघडले तर का बिघडले हेही सांगतो. घरची जबाबदारी वाढली म्हणून त्याने एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. तिथे टेबलामागच्या माणसाने विचारले, "डिप्लोमा आहे का? निदान आय.टी.आय.?" मुलगा म्हणाला, "नाही साहेब, पण नऊ वर्षे लेथ चालवतो." अर्ज तिथूनच परत आला. यंत्रापर्यंत त्याला कोणी नेलेच नाही.

हे सांगताना उस्तादांचा आवाज चढला होता. "लोखंडाचा एक तुकडा त्याच्या हातात देऊन बघायचे होते, भाई. पास की नापास, ते मग ठरवायचे."

आम्ही विचारले, "चाचा, नऊ वर्षांत तुम्ही त्याला काही लिहून दिले आहे काय? काय शिकवले, केव्हा शिकवले, कोणते काम त्याने एकट्याने केले?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिहून? आमच्या उस्तादांनी आम्हाला तरी कुठे लिहून दिले होते?"

आजच्या लेखाचा विषय या दोन वाक्यांत आहे. कंपनीने हात पाहिला नाही, ही कंपनीची चूक. उस्तादाने कागद दिला नाही, ही आपली चूक. पहिली चूक सुधारणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, दुसरी मात्र आहे. म्हणून दोन्हींचा विचार नीट समजून करू.

शागिर्दी म्हणजे काय होते?

फी नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही, तरीही शागिर्दीला एक निश्चित क्रम होता. शिंप्याच्या दुकानात मुलगा आधी काज-बटण करी, मग तुरपाई, मग मशीनवर सरळ शिलाई, त्यानंतर पूर्ण कपडा, आणि सर्वांत शेवटी कात्री त्याच्या हाती येई. कापड एकदा चुकीचे कापले की नुकसान भरून निघत नाही, म्हणून कटिंग शेवटी. यंत्रमागावर आधी कांडी भरणे, मग तुटलेली तार जोडणे, मग एक माग, मग दोन. गॅरेजमध्ये आधी पाने ओळखणे आणि भाग धुणे, मग खोलणे, मग बसवणे, आणि शेवटी इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणे. स्वस्त चुका आधी, महाग चुका शेवटी, हा या शिक्षणाचा अभ्यासक्रम होता. तो कोणी छापला नव्हता, पण प्रत्येक उस्तादाला पाठ होता.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी हा धंदा तिथे सुरू केला. त्यांचे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा तोच हात वाद्यांकडे वळला आणि पुढे या कुटुंबांना सतारमेकर हेच नाव पडले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणतात, तो वाळवतात, लाकडाची दांडी जोडतात, रंग आणि नक्षी करतात. हे सर्व पाहून शिकता येते. पण शेवटी येते जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग कानसेने इतक्या बेताने घासायचा की तार घोडीला हलकेच स्पर्श करीत राहील आणि स्वर भरून येईल. एक घास जास्त झाली तर आवाज फुटतो, एक कमी पडली तर तो बसका राहतो. किती घासायचे याचे माप पुस्तकात नाही, ते हाताला आणि कानाला ठाऊक असते, आणि उस्तादाशेजारी वर्षानुवर्षे बसल्यावाचून ते येत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव कागदावर आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते. जवारी काढणारा पुढचा हात तयार करण्याचे काम उस्तादालाच करावे लागते.

ती का आटली?

याचा दोष नव्या पिढीच्या आळसाला देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कारणे धंद्यातच आहेत.

पहिले कारण, कामाची पद्धत बदलली. पूर्वी कारागीर पूर्ण वस्तू बनवी. आता शर्टाची कॉलर एकाकडे, बाही दुसऱ्याकडे, बटण तिसऱ्याकडे. मजुरी नगावर मिळते. ज्याला नगावर पैसे मिळतात त्याला शिकवण्यात घालवलेला प्रत्येक तास तोट्याचा वाटतो. आणि जो मुलगा तीन वर्षे फक्त कॉलर लावतो तो कॉलर लावणाराच राहतो, त्याचा शिंपी होत नाही.

दुसरे कारण, उस्तादाची भीती. शिकवून तयार केलेला शागिर्द उद्या समोरच दुकान टाकतो किंवा शेजारचा मालक पाचशे रुपये जास्त देऊन त्याला नेतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते ते शिकवण्याचा खर्च मालक स्वतः सोसत नाही, शिकणाऱ्यालाच तो कमी वेतनाच्या रूपाने सोसावा लागतो. जुन्या शागिर्दीत हा हिशोब पाळला जाई. सुरुवातीची वर्षे शागिर्द कमी पैशांत काम करी, आणि शेवटच्या वर्षांत उस्तादाला त्याच्या तयार हाताचा लाभ होई. आज मुलाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण मजुरी हवी, आणि मालकाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण काम. मधली शिकण्याची वर्षे दोघांनीही पुसून टाकली आहेत.

तिसरे कारण म्हणजे वय. पूर्वी आठ-दहा वर्षांचे मूल दुकानात बसवले जाई. १९८६ च्या बालकामगार कायद्याने आणि २०१६ च्या दुरुस्तीने ते बंद केले. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून, शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत, घरच्या धंद्यात हातभार लावण्यापुरती सवलत आहे, आणि तीही धोक्याच्या कामात नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामात घेता येत नाही. काही उस्ताद म्हणतात, या कायद्याने हुनर मेले. आम्हाला हे मान्य नाही. आठ वर्षांच्या मुलाला अड्ड्यावर वाकवून बसवणे याला शिक्षण म्हणत नाहीत. त्यात किती डोळे आणि किती बालपणे गेली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. कायद्याने शागिर्दीची सुरुवात पुढे ढकलली आहे, शागिर्दी बंद केलेली नाही. चूक आपली ही की वय बदलले तरी आपण पद्धत बदलली नाही. सोळा वर्षांचा दहावी झालेला मुलगा आला की त्यालाही आपण आठ वर्षांच्या पोराप्रमाणे दोन वर्षे चहा आणायला पाठवतो. मग तो टिकत नाही.

चौथे कारण, यंत्रेच बदलली. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांचा दोष शोधायला कानाबरोबर स्कॅनरही लागतो. लेथच्या जागी संगणकावर चालणारी सी.एन.सी. मशीन आली. अशा वेळी उस्तादालाच नव्याने शागिर्द व्हावे लागते, आणि साठाव्या वर्षी ते अवघड जाते.

मालक कागद का मागतात?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. मालकही सारे दुष्ट नसतात. गल्लीतल्या दुकानदाराला मुलगा कोणाचा, कोणाच्या हाताखाली शिकला, हे माहीत असे. उस्तादाचे नाव हेच प्रमाणपत्र होते. शहरातल्या कंपनीत एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात आणि निवडणारा कोणालाच ओळखत नाही. तो चाळणी शोधतो. पदवी ही सर्वांत स्वस्त चाळणी, कारण तिचा खर्च मुलाच्या बापाने केलेला असतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की शिक्षणाने काम करण्याची ताकद मुळीच वाढली नाही असे धरले, तरी मालक त्याला खूण म्हणून किंमत देऊ शकतात. या विषयावरील कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण चाळणीतून चांगले धान्यही खाली पडते. अमेरिकेतील दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले न्यायालयातले. उत्तर कॅरोलिना राज्यातील ड्यूक पॉवर या वीज कंपनीत कृष्णवर्णीय कामगारांना फक्त सर्वांत कमी पगाराच्या खात्यात ठेवत. कंपनीने बाकीच्या खात्यांसाठी शालान्त प्रमाणपत्राची अट घातली आणि १९६५ साली लेखी चाचण्यांचीही भर टाकली. तेरा कामगार कोर्टात गेले. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, एखाद्या अटीमुळे एक समाज बाहेर राहत असेल आणि त्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर ती अट बेकायदा आहे. त्या खटल्यात एक बोलकी गोष्ट पुढे आली. अट लागू होण्यापूर्वी प्रमाणपत्राशिवाय घेतलेले गोरे कामगार तीच कामे समाधानकारकपणे करीत होते. म्हणजे काम कागदावाचून अडत नव्हते, अडत होता तो माणूस.

दुसरे अलीकडचे. २०१७ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने इतर संस्थांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यातील उत्पादन सुपरवायझरच्या २०१५ सालच्या जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिरातींत कॉलेजची पदवी मागितली होती, आणि त्या पदावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी पदवीधर होते फक्त १६ टक्के. उरलेल्या ८४ जणांनी आज नव्याने अर्ज केला तर बहुतेक जाहिरातींतून त्यांचे नाव पहिल्याच फेरीत कटेल. यावर ओरड झाली. मेरीलँड राज्याने २०२२ साली आणि पेनसिल्व्हेनियाने २०२३ साली हजारो सरकारी पदांवरची पदवीची अट काढली, मोठ्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. परंतु २०२४ साली त्याच हार्वर्डच्या अभ्यासकांनी आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटने प्रत्यक्ष भरती तपासली, तेव्हा अट काढल्याचा लाभ ७०० नेमणुकांत एकालाही धड झालेला नव्हता. यातून धडा असा की, जाहिरातीतून पदवीची ओळ खोडणे पुरत नाही. पदवीच्या जागी हात पारखण्याचे दुसरे साधन हाती नसेल, तर निवडणारा पुन्हा पदवीकडेच वळतो.

हे आपल्याला का लागू आहे ते सांगतो. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की मुसलमान कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत, तर वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर व पदविकाधारक मिळून ४ टक्क्यांहून कमी आहेत. म्हणजे आपल्यापाशी हुनर कारखान्यात आहे, कागदावर नाही. जिथे सारी मोजणी कागदावर होते तिथे असा समाज शून्य मोजला जातो.

कायदा काय देतो?

पुष्कळ व्यापारी बंधूंना वाटते की अप्रेंटिस कायदा फक्त रेल्वे आणि मोठ्या कारखान्यांसाठी आहे. कायदा १९६१ चा. १९७३ साली त्यात पदवीधर व पदविकाधारक अभियंते आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरही आले. त्याच दुरुस्तीने मालकाला स्वतःच्या गरजेप्रमाणे शिकवण्याचा धंदा ठरवण्याची मुभा दिली आणि कायदा मोडल्यास कैदेची शिक्षा काढून दंड ठेवला. २०१९ साली नियम बदलले, ते आपल्या उपयोगाचे आहेत. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे आणि संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के असावी लागते. ४ ते २९ माणसे असतील तर बंधन नाही, पण इच्छा असल्यास नोंदणी करून अप्रेंटिस घेता येतो. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात पाच माणसे आहेत. म्हणजे दार त्यांनाही उघडे आहे, फक्त त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मुख्य तरतुदी अशा :

वय किमान १४ वर्षे, धोक्याच्या उद्योगात १८.

मालक आणि अप्रेंटिस यांच्यात लेखी करार होतो. अप्रेंटिस अज्ञान असेल तर पालक सही करतात. कराराची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते.

अप्रेंटिसला किमान विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरले होते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून करारापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते.

अप्रेंटिस कायद्याने कामगार नसून शिकाऊ आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, तसे करारात लिहिले असेल तरच आहे.

या शेवटच्या तरतुदीचा गैरवापर होतो हे सांगितले पाहिजे. काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणून मुले भरतात, त्यांच्याकडून पूर्ण पाळीचे एकच काम करून घेतात, वर्षाने सोडतात आणि नवी भरतात. ही शागिर्दी नव्हे. मुलाला पाठवण्यापूर्वी बापाने एवढे विचारावे : काय शिकवणार, कोण शिकवणार, आणि शेवटी परीक्षा कोणती?

ज्यांचे शिकणे आधीच झाले आहे त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची व्यवस्था प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. तिथे पुन्हा वर्षभर बसावे लागत नाही, हाताचे काम तपासून प्रमाणपत्र देतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. त्यात शिंपी, सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, सोनार, गवंडी, न्हावी, चांभार यांचा समावेश आहे. वय किमान १८, एका कुटुंबातून एकच व्यक्ती. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज. व्याजाच्या प्रश्नावर ज्यांना अडचण आहे त्यांनी कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही, प्रमाणपत्र आणि हत्यारांचे साहाय्य त्याहून वेगळे आहे. मात्र मोटार मेकॅनिक आणि यंत्रमाग कारागीर या १८ धंद्यांत नाहीत. त्यांनी आधी सांगितलेला मार्ग धरावा.

जर्मनीकडून काय घ्यावे?

जर्मनीत शागिर्दी मेली नाही, कारण त्यांनी हात आणि कागद यांची जोडी लावली. तिथला शिकाऊ मुलगा आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत जातो. मुदत साधारण दोन ते साडेतीन वर्षे. करार त्या धंद्याच्या चेंबरमध्ये नोंदला जातो आणि परीक्षा मालक घेत नाही, चेंबर घेते. म्हणून एका गावच्या कागदाला दुसऱ्या गावी किंमत असते. पुढे अनुभव घेऊन माइस्टरची, म्हणजे उस्तादाची, परीक्षा देता येते. २०१२ साली तिथे ठरले की माइस्टरची पायरी कॉलेजच्या पहिल्या पदवीच्या बरोबरीची मानायची. उस्ताद आणि पदवीधर एकाच पायरीवर!

तिथेही घसरण झाली होती. २००४ साली ५३ हस्तव्यवसायांत माइस्टर नसतानाही दुकान टाकण्याची परवानगी दिली. फरशी बसवणाऱ्यांची दुकाने भराभर वाढली, पण शिकाऊ मुले घेणारी दुकाने कमी झाली. २०२० साली फरशीकामासह १२ धंद्यांत अट पुन्हा आणावी लागली. उस्ताद व्हायला काहीच लागत नाही असे झाले की शागिर्द तयार करण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

मग मुलांना कॉलेजात घालू नये काय?

असा अर्थ कोणी काढू नये. मुलाला डॉक्टर, वकील, अभियंता व्हायचे असेल आणि कुवत असेल तर पोट बांधून शिकवावे. मुलींनाही शिकवावे. आमचे म्हणणे एवढेच की हात आणि पुस्तक यांचे वैर नाही. मायकेल फॅरडे १८०५ साली चौदाव्या वर्षी लंडनमध्ये बुकबाइंडरकडे शागिर्द राहिला. सात वर्षे पुस्तके बांधली आणि जी बांधली ती वाचली. पुढे त्याच माणसाच्या शोधांतून विजेची मोटार आणि जनित्र जन्मले.

दुसरीकडे, केवळ पदवी आहे म्हणून नोकरी ठेवलेली नाही. सरकारी पाहण्यांत आपल्या देशातील पदवीधरांमधील बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पुष्कळ जास्त दिसते. यात एक भाग असा की गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही, तो मिळेल ते काम करतो. तरीही बी.ए. होऊन घरी बसलेला आणि हाताला काही न येणारा तरुण प्रत्येक मोहल्ल्यात आहे. त्याला तीन वर्षांनी कळते की कागद आहे, हात नाही. लेथवरच्या मुलाला कळते की हात आहे, कागद नाही. दोघांचे दुःख एकच आहे.

आपण काय करावे?

१. शागिर्द घेताना कागद करावा. मोठा नको, एक पान पुरे. मुलाचे नाव, वय, पालकाचे नाव, सुरुवातीची तारीख, मुदत, दर सहामाहीचे पैसे, कामाचे तास, सुटी, आणि कोणते काम कोणत्या क्रमाने शिकवणार. खाली तिघांच्या सह्या. याने उस्तादाची भीतीही कमी होते, कारण मुदत पूर्ण करण्याचा शब्द मुलगा आणि बाप दोघेही देतात.

२. कामाची वही ठेवावी. दर आठवड्याला चार ओळी : काय शिकला, कोणते काम एकट्याने केले, काय बिघडले. मोबाईलवर कामाचे फोटो तारखेसह ठेवावेत. मुलाखतीला जाताना ही वही बरोबर न्यावी. नऊ वर्षांची वही टेबलावर ठेवली तर टेबलामागच्या माणसाला निदान पान उलटावे लागेल.

३. दहावी सोडू नये. ज्याची शाळा सुटली आहे त्याला महाराष्ट्र बोर्डाच्या १७ नंबर फॉर्मने खासगीरीत्या दहावी-बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. उस्तादाने परीक्षेच्या महिन्यात सुटी द्यावी आणि पैसे कापू नयेत.

४. मुदत संपताना परीक्षा घ्यावी. उस्तादाने स्वतः नव्हे, त्याच धंद्यातील दुसऱ्या दोन-तीन उस्तादांनी. बाजारपेठेच्या व्यापारी संघटनेने याची जबाबदारी घ्यावी. सर्वांसमोर काम द्यावे, वेळ लावावा, दोष सांगावेत आणि संघटनेच्या कागदावर निकाल लिहावा. सरकारी प्रमाणपत्राची जागा हा कागद घेणार नाही, पण ज्या मालकाला हात पारखता येत नाही त्याला तो आधार देईल.

५. उस्तादाने वर्षातून एकदा तरी शिकावे. गाड्यांचा स्कॅनर, ए.सी.चा नवा गॅस, सी.एन.सी.ची प्राथमिक ओळख. तयार शागिर्दाला त्या वर्गाला पाठवून परत आल्यावर त्याच्याकडून शिकण्यातही कमीपणा नाही.

६. जे बंधू स्वतः नोकर ठेवतात त्यांनी आपल्याच दाराकडे पाहावे. आपणही गोदामाच्या हिशोबनिसासाठी किंवा काउंटरच्या मुलासाठी सवयीने ग्रॅज्युएट मागतो. विजेच्या कामाला परवाना, औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट ही कायद्याची अट आहे, ती पाळलीच पाहिजे. पण जिथे कायद्याची अट नाही तिथे अर्धा दिवस काम देऊन पाहावे, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावेत आणि मग निर्णय घ्यावा.

७. शागिर्दाला माणसासारखे वागवावे. शिवी, चापट, दोन वर्षांची चहा-झाडू ही हुनराची किंमत नव्हे. चांगल्या घरची मुले याच कारणाने कारखान्यात येत नाहीत, आणि मग आपण म्हणतो की मुलांना हाताच्या कामाची लाज वाटते.

आम्ही निघताना कुर्ल्याच्या उस्तादांना विचारले, "आता लिहून द्याल काय?" ते म्हणाले, "मला चार ओळी नीट लिहिता येत नाहीत, भाई. तो लिहील, मी सही करीन." आम्ही म्हणालो, तसेच करा. नऊ वर्षांचे सारे आठवणार नाही. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, आज लेथवर जे काम आहे ते लिहा, आणि मागचे जितके आठवेल तितके सावकाश भरत जा. चाळीस वर्षे जो हात कोणाच्याही नोंदीत आला नाही, त्याची पहिली नोंद त्याच्याच शागिर्दाच्या अक्षरात होईल. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या कारखान्यात आज एखादा मुलगा शिकत आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवण्यापूर्वी एक वही मागवावी.